नॉटिंगहम फॉरेस्ट: क्लफ सगळ्यांना माहितीय, पण टेलर आणि रॉबर्टसनचं काय?

ट्रेंटकाठचा

परवा एका गप्पांमध्ये कुणीतरी म्हणालं की इंग्लंडचा नॉटिंगहम फॉरेस्ट फुटबॉल क्लब म्हणजे एका कोचचा चमत्कार, ब्रायन क्लफ आला तेव्हा क्लब वर गेला आणि तो गेला तेव्हा खाली आला, बास. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हा धागा काढला. क्लफ मोठाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण तो एकटा नव्हता, आणि हे मी ज्या माणसाकडून शिकलो तो १९७९ ला युरोपियन कपच्या (आजची चॅम्पियन्स लीग) फायनलला म्युनिकच्या स्टेडियममध्ये उभा होता.

मी २००६-०७ ला शिकायला नॉटिंगहमला होतो, वेस्ट ब्रिजफर्डमध्ये एका घरात वरची खोली भाड्याने घेतलेली. सिटी ग्राऊंड तिथून चालत दहा मिनिटं. गंमत म्हणजे नाव 'सिटी' ग्राऊंड असलं तरी ते नॉटिंगहम शहराच्या हद्दीत येतच नाही, ट्रेंट नदीच्या दक्षिणेला आहे. नॉटिंगहमला १८९७ ला शहराचा दर्जा मिळाला, पुढच्या वर्षी क्लब इथे आला, त्यावरून नाव पडलं. नदीपलीकडे नॉट्स काउंटीचं मेडो लेन, आणि अलीकडे शेजारीच ट्रेंट ब्रिज, म्हणजे आपल्याला माहिती असलेलं क्रिकेटचं मैदान. तीन मैदानं एका फेरफटक्यात बघून होतात.

माझे घरमालक तेव्हा पन्नाशीचे, त्यांना मी काका म्हणायचो, त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर तेही खूश होते. त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात म्युनिकच्या फायनलचं प्रोग्रॅम जपून ठेवलं होतं. एकदा मी विचारलं की त्या टीममधला सगळ्यात भारी प्लेअर कोण, गोलकीपर शिल्टन की स्ट्रायकर ट्रेव्हर फ्रान्सिस? काका काही बोलले नाहीत, उठले, कुत्र्याचा टेनिस बॉल आणला आणि किचनमध्ये सपाता घालूनच मला दाखवायला लागले. मला म्हणाले तू डिफेंडर, ये बॉल काढून घे. मी पुढे गेलो की ते बॉल पायाखाली धरून नुसते थांबायचे, खांदा जरासा डावीकडे टाकायचे, मी तिकडे वळलो की उजवीकडून बॉल निघून गेलेला. धावलेच नाहीत. म्हणाले हा जॉन रॉबर्टसन. धावायचा नाही, समोरच्याला चुकवायला त्याला अर्धा यार्ड पुरायचा, आणि मग क्रॉस असा यायचा की डोकं लावायचं फक्त बाकी.

तर रॉबर्टसनची गोष्ट. स्कॉटलंडचा पोरगा, १९७० पासून फॉरेस्टमध्ये, मिडफिल्डर म्हणून खेळायचा, जाडसर, सिगरेट ओढणारा, अवतार गबाळा. जानेवारी १९७५ ला क्लफ आला तेव्हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, १३ व्या नंबरवर होता, आणि रॉबर्टसन तर बाहेर पडायच्याच बेतात होता. क्लफ आल्या आल्या काही जादू झाली नाही हे लक्षात घ्या, पहिलं दीड वर्ष टीम तिथेच घुटमळत होती. १९७६ च्या उन्हाळ्यात पीटर टेलर आला आणि तिथून गाडी सुटली. टेलर मूळचा नॉटिंगहमचाच. मिडल्सब्रोला तो गोलकीपर होता आणि क्लफ स्ट्रायकर, तिथली दोस्ती. हार्टलपूल आणि डर्बीला दोघांनी एकत्र काम केलं, १९७२ ला डर्बीला लीग जिंकून दिली. १९७४ ला क्लफ लीड्सला एकटा गेला तर ४४ दिवसांत बाहेर! टेलर सोबत असताना काय आणि नसताना काय, हा फरक इथेच दिसतो.

टेलरचं काम माणूस ओळखणं. केनी बर्न्स बर्मिंगहमचा स्ट्रायकर, भांडकुदळ म्हणून बदनाम, त्याला आणून डिफेन्समध्ये उभं केलं आणि १९७८ ला तोच इंग्लंडचा फुटबॉलर ऑफ द इयर झाला. गॅरी बर्टल्स कार्पेट टाकायचं काम करत लाँग ईटन युनायटेड नावाच्या छोट्या क्लबकडून खेळायचा, २,००० पौंडात आणला. आणि रॉबर्टसनला या दोघांनी डाव्या विंगला लावला. डिसेंबर १९७६ पासून डिसेंबर १९८० पर्यंत त्याने सलग २४३ मॅचेस खेळल्या. जाडा, सिगरेट ओढणारा, आणि चार वर्षांत एक मॅच चुकवली नाही.

पुढचं सगळ्यांना माहितीय तरी लिहितोच. १९७७ ला तिसऱ्या नंबरवर राहून कसेबसे वर आले. वर आल्यावर पहिल्याच सीझनला लीग जिंकली, लिव्हरपूलपेक्षा ७ पॉइंट पुढे, ४२ मॅचमध्ये फक्त २४ गोल खाल्ले. नोव्हेंबर १९७७ ते डिसेंबर १९७८ लीगच्या ४२ मॅच हरले नाहीत, २१ जिंकल्या २१ ड्रॉ. हा रेकॉर्ड २००४ ला आर्सेनलने मोडेपर्यंत टिकला.

मग युरोपियन कप. पहिल्याच राउंडला समोर लिव्हरपूल, दोन वर्षं सलग कप जिंकलेले. इथे २-०, तिकडे ०-०, लिव्हरपूल घरी. सेमीफायनलला कोलोनविरुद्ध घरच्या मैदानावर ०-२ मागे पडून ३-२ पुढे गेले आणि शेवटी ३-३ झाली, सगळे म्हणाले आता संपलं, तर कोलोनला जाऊन इयन बॉयरच्या हेडरवर १-०. फायनल ३० मे १९७९, समोर माल्मो. हाफटाइमच्या तोंडावर रॉबर्टसनने डावीकडून दोघांना चुकवून क्रॉस टाकला, लांबच्या पोस्टला ट्रेव्हर फ्रान्सिस, हेडर, गोल. पेपरात फोटो फ्रान्सिसचा, कारण तो ब्रिटनचा पहिला दहा लाख पौंडांचा प्लेअर. पुढच्या वर्षी माद्रिदला हॅम्बुर्गविरुद्ध फ्रान्सिस जखमी, बाहेर बसलेला, आणि मॅचमधला एकच गोल कुणाचा? रॉबर्टसनचाच. पहिल्या फायनलला गोल करून दिला, दुसऱ्या फायनलला स्वतः मारला.

म्हणून माझं म्हणणं, फॉरेस्टचे दोन युरोपियन कप क्लफच्या नावावर लिहायचे तर त्याच ओळीत टेलर आणि रॉबर्टसन लिहा. तुम्हाला काय वाटतं?

---

लालभडक

मस्त लिहिलंय. मी आर्सेनलवाला, त्यामुळे ४२ मॅचचा रेकॉर्ड आमच्याकडे आला हे वाचून बरं वाटलं. पण फॉरेस्टचं आमच्यावर त्याहून मोठं ऋण आहे, आमचा लाल रंग त्यांचा आहे. १८८६ ला वुलिचच्या शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी टीम काढली, त्यात फ्रेड बियर्ड्सली वगैरे फॉरेस्टकडून आधी खेळलेले लोक होते, पैसे नव्हते म्हणून त्यांनी जुन्या क्लबला मागितलं आणि फॉरेस्टने लाल जर्सी आणि बॉल पाठवून दिला. आणि फॉरेस्टकडे लाल कुठून आला तर इटलीच्या लाल शर्टवाल्या गॅरिबाल्डीवरून. १८६५ ला शेक्सपियर स्ट्रीटवरच्या क्लिंटन आर्म्समध्ये बसून शिंटी (हॉकीसारखा खेळ) खेळणाऱ्या पोरांनी ठरवलं की आता फुटबॉल खेळायचा, आणि डझनभर लाल टोप्या मागवल्या.

---

शाहूपुरी_११

भावा कडक! आमच्या कोल्हापुरात तालमींच्या मॅचला शाहू स्टेडियमवर लोक कसे येतात ते बघितलेल्या माणसाला गावाचा क्लब म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. एक विचारायचं होतं, क्लफ प्लेअर लोकांना दारू पाजायचा म्हणतात ते खरं का?

---

ट्रेंटकाठचा

@शाहूपुरी_११ खरं आहे. १९७९ च्या लीग कप फायनलच्या आदल्या रात्री हॉटेलात सगळ्यांना एकत्र बसवून शॅम्पेन आणि बियर. आर्ची जेमिलला लवकर झोपायची सवय, तो उठून जायला निघाला तर त्याला परत बसवलं. दुसऱ्या दिवशी साउदॅम्पटनविरुद्ध हाफटाइमला ०-१ मागे होते आणि जिंकले ३-२. यामागे विचार होता, मोठ्या मॅचच्या आदल्या रात्री खोलीत एकटं पडून राहिलं की माणूस आतल्या आत गोळा होतो, ते त्याला नको होतं. माद्रिदच्या फायनलआधी पण तसंच, प्रॅक्टिसला नीट गवत मिळेना म्हणून शिल्टनने चक्क रस्त्यातल्या चौकाच्या हिरवळीवर सराव केला, दोन्ही बाजूने गाड्या चालल्यात आणि हा डाइव्ह मारतोय.

---

मी_डर्बीकर

वाचतेय, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी गेली नऊ वर्षं डर्बीत राहते, रोज नॉटिंगहमला कामाला जाते. तो रस्ता, ए-५२, त्याचं नावच ब्रायन क्लफ वे आहे. दोन्ही गावं एकमेकांचं तोंड बघत नाहीत पण रस्त्याला नाव एकाच माणसाचं.

आणि ट्रेंटकाठचा, तुमच्या मुद्द्याला एक पुरावा देते. नॉटिंगहममध्ये बाजाराच्या चौकाजवळ क्लफचा पुतळा आहे, २००८ ला बसवला, तो एकटा उभा आहे, स्वेटशर्ट घातलेला, हात वर धरलेले. डर्बीला स्टेडियमबाहेर जो पुतळा आहे २०१० चा, त्यात दोघं आहेत, क्लफ आणि टेलर. टेलर जन्माने नॉटिंगहमचा, पण त्याच्या गावाने पुतळ्यात एकट्या क्लफला उभं केलं आणि शेजारच्या गावाने दोघांना. मी पहिल्यांदा हे लक्षात आल्यावर नवऱ्याला म्हटलं, अरे हे बरोबर नाही.

---

ट्रेंटकाठचा

@मी_डर्बीकर ताई, हे वाचून काटा आला अंगावर. बरोबर धरलंत. २०१५ ला सिटी ग्राऊंडच्या मेन स्टँडला पीटर टेलर स्टँड नाव दिलं तेव्हा कुठे थोडी भरपाई झाली. समोरचा ब्रायन क्लफ स्टँड आहे, म्हणजे आता दोघं मैदानाच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत असतात.

आणि त्या दोघांचं भांडण कशावरून झालं माहितीय का, रॉबर्टसनवरूनच. टेलर १९८२ ला रिटायर झाला, सहा महिन्यांत डर्बीचा मॅनेजर झाला, ते क्लफला आधीच लागलेलं. १९८३ ला क्लफ एका धर्मादाय कामासाठी पेनाइन वे या लांबलचक पायवाटेवर चालत होता, तेवढ्यात टेलरने रॉबर्टसनला डर्बीला घेतला आणि क्लफला सांगितलं नाही. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सात वर्षं. ऑक्टोबर १९९० ला टेलर मायोर्कात वारला. क्लफ अंत्यसंस्काराला गेला होता, आणि नंतर आत्मचरित्र लिहिलं ते टेलरला अर्पण केलं. माझे घरमालक काका हे सांगताना थांबले आणि बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले. वीस वर्षं एकत्र काढलेली माणसं, एक फोन करायचा राहून गेला.

---

जुना_वाचक

मी वयाने तुम्हा सगळ्यांत मोठा दिसतोय. आमच्या काळी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर शनिवारी रात्री इंग्लंडचे रिझल्ट लागायचे, शॉर्टवेव्हवर खरखर ऐकत कान लावून बसायचो. फॉरेस्ट हे नाव मी असंच ऐकलं. त्या वेळचा माझा हिरो व्हिव अँडरसन. फॉरेस्टचा राइट बॅक, नॉटिंगहमचाच मुलगा, नोव्हेंबर १९७८ ला वेम्ब्लीवर चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध इंग्लंडकडून खेळला तेव्हा इंग्लंडच्या सीनियर टीमकडून उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. मैदानावर त्याला फळं फेकून मारायचे. कार्लाइलला असं झालं तेव्हा तो वॉर्मअप सोडून बेंचवर परत आला, क्लफने त्याला पुन्हा पाठवलं. अँडरसनने ते पुढे चांगल्या अर्थाने सांगितलंय, की घाबरलो तर ते जिंकतील हे मला तिथे कळलं.

पण याच क्लफने जस्टिन फॅशनूला दिलेली वागणूक मला आजही सहन होत नाही. दहा लाख पौंड देऊन १९८१ ला घेतलेला पोरगा, तो समलिंगी आहे हे कळल्यावर त्याला ट्रेनिंगला यायची बंदी घातली. १९९० ला फॅशनूने स्वतः जाहीर सांगितलं, आणि १९९८ ला आत्महत्या केली. फॉरेस्टचा इतिहास लिहायचा तर हेही लिहायला हवं.

---

ट्रेंटकाठचा

काका, पूर्ण सहमत, आणि बरं झालं तुम्ही लिहिलंत. त्यात हिल्सबरो पण घाला. १५ एप्रिल १९८९, एफए कप सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध फॉरेस्ट, लिव्हरपूलच्या बाजूला चेंगराचेंगरी, सहाव्या मिनिटाला मॅच थांबवली, ९७ जीव गेले. नंतर क्लफने दोष लिव्हरपूलच्या फॅन लोकांना दिला, तेही छापून. २०१६ च्या चौकशीत ज्युरीने स्पष्ट सांगितलं की फॅन लोकांचा दोष नव्हता. माझे घरमालक काका त्या दिवशी समोरच्या बाजूला होते. त्याबद्दल ते एवढंच बोलले की आम्ही आधी समजलो की लोक मैदानात भांडायला उतरलेत, आणि मग बघितलं की जाहिरातीच्या फळ्या उचलून त्यावरून माणसं नेतायत. त्यावर क्लफ जे बोलला ते त्यांनी त्याला कधी माफ केलं नाही, आणि हा माणूस क्लफच्या प्रत्येक मॅचला गेलेला.

---

कोपऱ्यातला_गोलकीपर

अँडरलेख्ट कुणीच काढलं नाही अजून? १९८४, युएफा कप सेमीफायनल, फॉरेस्ट घरी २-० जिंकले, बेल्जियमला जाऊन ०-३ हरले. एक पेनल्टी अशी दिली की आजही व्हिडिओ बघितला तर हात डोक्याला जातो, आणि शेवटच्या मिनिटाला पॉल हार्टचा हेडर गोलात गेला तो रद्द. तो गोल धरला असता तर फॉरेस्ट फायनलला. १९९७ ला बाहेर आलं की अँडरलेख्टच्या मालकाने रेफ्रीला पैसे दिले होते. तोवर तो रेफ्री गाडीच्या अपघातात जाऊन दहा वर्षं झालेली.

ऐंशीच्या दशकातल्यांना पण जरा न्याय द्या. स्टुअर्ट पिअर्स १९८५ ला आला तेव्हा त्याने मॅचच्या प्रोग्रॅममध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून जाहिरात दिली होती, काम मिळेल का म्हणून. १९९० ला वर्ल्ड कप सेमीफायनलची पेनल्टी चुकलेला आणि १९९६ ला स्पेनविरुद्ध पेनल्टी मारून ओरडलेला, दोन्ही वेळेला तो फॉरेस्टचाच प्लेअर. त्याच्यासोबत डेस वॉकर, क्लफचा मुलगा नायजेल. लीग कप १९८९ आणि १९९० लागोपाठ. रॉय कीनला कोव्ह रॅम्बलर्सकडून ४७,००० पौंडात आणला, पहिलीच लीग मॅच लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर. तीन वर्षांनी ३७.५ लाखांना मँचेस्टर युनायटेडला विकला. हे सगळं टेलर नसताना झालंय, तेव्हा क्लफला एकट्याने जमत नव्हतं असंही नाही.

---

ट्रेंटकाठचा

@कोपऱ्यातला_गोलकीपर मुद्दा मान्य, कीन तर हिराच. पण बघा, टेलर गेल्यावर क्लफने दोन लीग कप आणले, लीग नाही, युरोप नाही. १९९१ ची एफए कप फायनल स्पर्सविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये डेस वॉकरच्या डोक्याला लागून स्वतःच्याच गोलात गेली. आणि १९९३ ला प्रीमियर लीगच्या पहिल्याच सीझनला शेवटचा, २२ वा नंबर. १ मे ला शेफिल्ड युनायटेडशी शेवटची घरची मॅच, ०-२ हरले, रेलिगेट झाले आणि तरी अख्खं स्टेडियम उभं राहून क्लफसाठी गात होतं, दोन्ही बाजूचे लोक.

---

शाहूपुरी_११

मग त्यानंतर २०२२ पर्यंत काय? मी फॉरेस्टला थेट प्रीमियर लीगमध्ये आल्यावरच बघायला लागलो.

---

ट्रेंटकाठचा

मधे एकदा चांगलं झालं, १९९४-९५ ला फ्रँक क्लार्क मॅनेजर आणि स्ट्रायकर कॉलिमोर फॉर्मात, तिसरे आले. हा क्लार्क म्हणजे म्युनिकच्या टीमचा लेफ्ट बॅक. मग घसरगुंडी. १९९९ ला घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडकडून १-८, सोल्स्कायरने बदली येऊन चार मारले. २००५ ला तिसऱ्या डिव्हिजनला गेले, युरोपियन कप जिंकलेला क्लब एवढा खाली जाण्याची ती पहिली वेळ.

मी नेमका त्याच काळात तिथे. मे २००७, वर जाण्यासाठीच्या प्लेऑफची सेमीफायनल, येओव्हिलला जाऊन २-० जिंकून आलेले, घरी फक्त टिकवायचं होतं. मी आणि काका गेलो. एक्स्ट्रा टाइम धरून ५-२ ने हरले. माझ्या आजूबाजूची सगळी खुर्च्या सोडून निघून गेली, काका बसून राहिले, गळ्यातला स्कार्फ काढला, मांडीवर ठेवून नीट चार घड्या घातल्या, कोटाच्या खिशात ठेवला आणि मग उठले. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. दोन महिन्यांनी जुलैत मी त्यांना ट्रेंट ब्रिजला टेस्ट बघायला नेलं, आपल्या श्रीरामपूरच्या झहीरने मॅचमध्ये नऊ विकेट काढल्या ती टेस्ट, भारत जिंकला. परत येताना पुलावर थांबून ते सिटी ग्राऊंडकडे बघून म्हणाले, तुमचा डावखुरा पण धावण्यापेक्षा डोकं जास्त वापरतो.

२०२१ च्या सप्टेंबरला ७ मॅचमध्ये १ पॉइंट, चॅम्पियनशिपमध्ये (प्रीमियर लीगच्या खालची लीग) तळाला. स्टीव्ह कूपर मॅनेजर म्हणून आला, चौथ्या नंबरपर्यंत नेले, शेफिल्ड युनायटेडविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये ब्रीस सांबाने तीन अडवल्या, वेम्ब्लीवर हडर्सफिल्डला १-०. २३ वर्षांनी वर. २०२४ ला नियम मोडून खर्च केला म्हणून ४ पॉइंट कापले तरी वाचले, आणि २०२४-२५ ला मॅनेजर नूनोच्या हाताखाली सातवे, क्रिस वुडचे लीगमध्ये २० गोल, ॲनफिल्डवर हडसन-ओडोईच्या गोलने १-०. ॲनफिल्डवर लीगची मॅच जिंकली ती १९६९ नंतर पहिल्यांदा. फॉरेस्टला घेऊन क्लफलाही तिथे लीगची मॅच कधी जिंकता आली नव्हती, बघा!

---

मी_डर्बीकर

तुमचे काका आहेत का अजून? संपर्क आहे?

---

ट्रेंटकाठचा

आहेत ताई, सत्तरी ओलांडली. वेम्ब्लीच्या दिवशी मी पुण्यात होतो, रात्री त्यांचा फोन आला. मागे एवढा आवाज की काही ऐकू येईना. मी विचारलं गोल कुणी केला, तर म्हणाले त्यांच्याच डिफेंडरच्या पायाला लागून गेला, पण डावीकडून आलेला बॉल होता. ते डावीकडून तीनदा म्हणाले.

---

मी_डर्बीकर

शनिवारी मॅच आहे, मी नवऱ्याला घेऊन जातेय, पहिल्यांदाच. तिकीट पीटर टेलर स्टँडचंच काढलंय. फोटो टाकते इथे.